कानाला खडा

मी अंडरग्राउंड डीजे. गुरुवारी रात्री जेवणं आटपली की मी टेबलावर दोन पेनड्राइव्ह मांडते. दिसायला सारखे, म्हणून एकाला लाल चिकटपट्टी. दोन्हींत तंतोतंत तीच गाणी. एक हरवला, वाकला किंवा मशीननं वाचलाच नाही तर दुसरा. फॉरमॅट एफएटी३२, कारण क्लबातले सीडीजे (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारी डीजेंची मशीनं) एनटीएफएस या दुसऱ्या फॉरमॅटला ओळखच देत नाहीत. फाइली एआयएफएफ. एफएलएसी जागा कमी खातो खरा, पण २००९ साली आलेला पहिला सीडीजे-२००० तो वाचत नाही, आणि तसली म्हातारी मशीनं अजून कितीतरी बूथमध्ये तग धरून आहेत. डब्ल्यूएव्ही चालतो, मात्र काही फाइलींच्या हेडरमध्ये अशी काही गोम असते की मशीन ‘ई-८३०५’ एवढंच दाखवून गप्प बसतं. एकदा भर गर्दीत ते अनुभवलं. तेव्हापासून डब्ल्यूएव्ही बंद.

या दोन पेनड्राइव्हमागे आठवडाभराचं ऐकणं असतं. नवी दोन-अडीचशे गाणी ऐकावीत तेव्हा पंधरा-वीस हाती लागतात. बरीचशी बँडकॅम्प या संकेतस्थळावरून, काही करणाऱ्यांनीच ईमेलनं पाठवलेली, काही अशा तबकड्यांवरून उतरवलेली की ज्यांच्या जेमतेम तीनशे प्रती निघाल्या आणि संपल्या. ‘अंडरग्राउंड म्हणजे नेमकं काय हो?’ असं कुणी विचारलं तर मी सांगते : समोरच्या माणसाला त्यातलं एकही गाणं आधी माहीत नसतं आणि तरी तो पहाटेपर्यंत नाचतो. पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग लग्नात वाजवता का?’ नाही वाजवत. ओळखीचं गाणं लावून नाचवणं हे वेगळं कसब आहे आणि ते मला येत नाही.

घरी हे सगळं मी हळू आवाजात ऐकते. शेजारच्या खोलीत कुणी बोललं तर कळेल इतपत. त्या आवाजात गाण्याचा सांगाडा दिसतो : किक, म्हणजे खालचा जाड ठोका, कुठं बसते, बेस तिला धक्का देतो की वाट देतो, आणि वर हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली जोड-झांज, कशी चालते. टेक्नो आणि हाउस या नाचाच्या संगीतात ही हाय-हॅट म्हणजे अर्धा जीव. तिचा तो ओळखीचा ‘त्स्’ बहुतेक वेळा रोलंड कंपनीच्या टीआर-९०९ या ताल वाजवणाऱ्या यंत्राचा असतो. १९८३ ते १९८५ एवढंच ते बनत होतं. सुमारे दहा हजार नग निघाले आणि बाजारात आपटले. किक आणि स्नेअर त्यात खरोखरच्या सर्किटमधून तयार व्हायची, पण हॅट आणि झांजा म्हणजे ६ बिटांत कोंबलेली रेकॉर्डिंगं. त्यामुळे तिच्यात एक खरखर आहे, वाळूसारखी. शिकागो आणि डेट्रॉइटच्या पोरांनी ही पडेल भावात मिळणारी यंत्रं उचलली आणि त्यांतून एक अख्खी भाषा उभी केली. त्या ‘त्स्’वर माझं पोट चालतं असं म्हटलं तरी चालेल. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची गोष्ट तीच ऐकू येईनाशी झाली तेव्हाची आहे.

तीन रात्री, तीन शहरं. शुक्रवारी २ ते ४, शनिवारी ३ ते ५, रविवारी संध्याकाळी ८ ते १२. कागदावर आठ तासांचं काम. या आठ तासांसाठी महिनाभर आधीपासून ईमेलं चालू असतात. एजंट तारखा जुळवतो, त्याचे १५ टक्के घेतो, निम्मे पैसे आधी जमा झाल्याशिवाय विमानाचं तिकीट मान्य करत नाही (देव त्याचं भलं करो). मग ‘रायडर’, म्हणजे लागणाऱ्या सामानाचा कागद, जातो : तीन प्लेअर, अमुक मिक्सर, न हलणारं टेबल, कानाच्या उंचीला दोन बूथ मॉनिटर (डीजेला ऐकू यावं म्हणून लावलेले स्पीकर), पाणी. रायडर पाठवला जातो. वाचला जाईलच असं नाही.

शुक्रवारचा प्रवास नेहमीसारखाच. पेनड्राइव्ह, हेडफोन आणि १०-१२ तबकड्यांची पिशवी अंगाबाहेर जाऊ द्यायची नाही. कपड्यांची बॅग हरवली तर कुणाचा तरी टी-शर्ट मागून वाजवता येतं. तबकड्यांच्या पिशवीशी स्कॅनरवरचा माणूस थबकतो, दुसऱ्याला बोलावतो, मग पिशवी उघडायला लावतो आणि वयस्कर असेल तर त्याचा चेहरा एकदम मऊ होतो. संध्याकाळी उतरायचं, हॉटेलात चार तास झोपायचा प्रयत्न करायचा, अकराला उठून आंघोळ. रात्री बाराला न्याहारी केल्यासारखं जेवायचं. या चार तासांत मला कधी झोप लागत नाही. नुसतं डोळे मिटून पडायचं, त्यालाच झोप म्हणायचं.

तळघरातला क्लब. छत बुटकं, माणसं खचाखच, हवा ओली. पावणेदोनला मी बूथमध्ये शिरले तेव्हा आधीचा डीजे घामानं निथळत होता आणि मिक्सरचे दिवे ठार लाल. लाल म्हणजे आवाज फाटतोय. फाटलेला आवाज मोठा वाटत नाही, टोचतो. म्हणून माणूस तो आणखी वाढवतो. बूथ मॉनिटरचा नॉब उजवीकडं टोकाला टेकलेला. त्यानं मिठी मारली, कानात काहीतरी ओरडला, मी काही न कळता हसले. एवढ्यात माझी वेळ झाली.

मला तो नॉब खाली घ्यायचा होता. घेतला नाही. का, याचं उत्तर मी नंतर बरेच दिवस शोधत होते. एक तर सुरुवातीची पाच मिनिटं हात कापत असतात आणि मोठा आवाज त्या कापण्याला झाकतो. दुसरं, मॉनिटर खाली घेतला की खोली एकदम लांब गेल्यासारखी वाटते, आणि आपण गर्दीतून बाहेर पडलो अशी भीती वाटते. तिसरं कारण शुद्ध आळस.

मग चढाओढ सुरू होते. पुढचं गाणं आधी हेडफोनमध्ये ऐकायचं असतं, एका कानात. मॉनिटर इतका मोठा असेल तर हेडफोन त्याहून मोठा लागतो. अर्ध्या तासात कान बधिर होतो, कारण मोठ्या आवाजापुढं तो थोडी दारं लोटून घेतो. मग हेडफोन पुरेसा वाटत नाही. आणखी थोडा. मग मॉनिटर फिका वाटतो. तोही थोडा. दर वेळी नखाएवढंच. दोन तासांत मी कुठून कुठं पोचले ते बूथमध्ये उभी असताना मला अजिबात कळलं नाही. उलट वाटत होतं, आज काय लागलंय! आणि खरंच लागलं होतं. शेवटच्या वीस मिनिटांत खोली एका श्वासात हलत होती. मधे केव्हातरी मी फोन काढून आवाज मोजायचं ॲप उघडलं, गंमत म्हणून. १०६ डेसिबल. त्याचा फोटोही काढला. मित्रांना पाठवायला!

गाडीत बसून दार लावलं आणि बाहेरचं जग बंद झालं तेव्हा शिट्टी ऐकू आली. बारीक, सरळ, डाव्या कानात जास्त. हे नवं नव्हतं. प्रत्येक डीजेला हे होतं, सकाळपर्यंत जातं, असं आपण एकमेकांना सांगत आलेलो आहोत. हॉटेलच्या खोलीत पंखाही बंद केला. पूर्ण शांततेत ती शिट्टी अख्खी खोली भरून राहिली होती. साडेसहाला लॉबीत हजर व्हायचं होतं आणि साडेपाच वाजले होते. झोप येईना म्हणून हिशोब केला. गोंगाटात काम करण्याचा एक नियम असा : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. तसंच खाली उतरत १०६ ला पोचले. पावणेचार मिनिटं. मी दोन तास उभी होते.

विमानात इंजिनाच्या घरघरीत शिट्टी बुडाली आणि मला वाटलं, गेली. उतरल्यावर परत होती.

शनिवारची जागा म्हणजे जुनी गोदामवजा शेड. उंच छत, कडक भिंती, मुख्य स्पीकर बूथपासून बरेच पुढं आणि तोंड अर्थातच गर्दीकडं. रायडरमधल्या दोन मॉनिटरपैकी एक नुसता खोका होता. आत जीव नव्हता. दुसरा खुरडत चालत होता आणि माझ्या सेटच्या पहिल्या दहा मिनिटांत तोही गेला. हे किती गैरसोयीचं असतं ते बाहेरच्याला चटकन कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

दोन गाणी एकमेकांत मिसळायची तर त्यांच्या किक एकावर एक पडल्या पाहिजेत. वेगात ०.१ बीपीएमचा (मिनिटाला ठोके) फरक राहिला तरी मिनिटाभरात किक जवळजवळ ४७ मिलिसेकंदांनी सरकते, आणि मग एका ठोक्याच्या जागी दोन ऐकू येतात, घोडा दुडक्या चालीनं निघाल्यासारखे. तो फरक कानानं पकडायचा आणि बोटानं, पिच फेडर ही वेगाची सरकपट्टी केसभर हलवून, मोडायचा. हेच काम. आता मॉनिटर नसेल तर मला बाहेरचं गाणं लांबच्या स्पीकरवरून, भिंतीवर आपटून परत आलेलं ऐकू येतं. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. १२ मीटर लांबून यायला त्याला ३५ मिलिसेकंद लागतात. हेडफोनमधलं गाणं मात्र तत्काळ. मी त्या उशिरा आलेल्या किकवर नवी किक बसवली तर मला सगळं जुळलेलं वाटणार आणि समोरच्या पाचशे लोकांना घोडा ऐकू येणार.

उपाय एकच. दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घ्यायची, त्यासाठी मिक्सरवर छोटा नॉब असतो, आणि बाहेर काय ऐकू येतंय त्याकडं कान बंद करायचा. तसं केलं. किक जुळत होत्या, बेस ठीक होता. पण सगळं कसं मेणचट वाटत होतं. हॅट दिसेना. मी ‘दिसेना’ लिहिलंय खरं, पण तसंच होतं ते. जिथं असायची तिथं धुकं. मी हायचा, म्हणजे वरच्या सुरांचा, नॉब वर नेला. एकवर, मग दोनवर. हॅट आली, पण अशक्त. आणखी वर.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं दोन्ही कानांवर हात ठेवलेले मी पाहिले आणि मला वाटलं, तिला गाणं आवडलंय.

मिनिटाभरात बाजूच्या अंधारातून साउंड इंजिनिअर आला. साठीचा असावा. कमरेला टॉर्च, शर्टाच्या खिशात पेन, चेहरा रात्रपाळीच्या चौकीदारासारखा. त्यानं मला विचारलं नाही. शांतपणे हात पुढं करून तिन्ही चॅनेलचे हाय मधोमध आणले. एरवी माझ्या मिक्सरला कुणी हात लावला असता तर मी त्याचा हात झटकला असता. पण तो माझ्याकडं बघत होता, रागानं नाही. वाकून, ओरडून म्हणाला, “काल कुठं वाजवलंस?”

मी शहराचं नाव सांगितलं.

“मॉनिटर जोरात होता?”

मी मान हलवली. त्यानं कपाळाला आठी घातली, ‘वाटलंच’ अशी. मग खिशातून पिवळ्या फोमच्या बोंडांचं पाकीट काढलं आणि दाखवलं, कारण त्या गोंगाटात सांगणं शक्य नव्हतं. बोंड दोन बोटांत गोल गोल मळून काडीइतकं बारीक करायचं. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, म्हणजे आतली नळी सरळ होते. बारीक झालेलं बोंड आत सारायचं आणि बोट तसंच दाबून धरायचं, ते फुगेपर्यंत, मनात वीस-तीस आकडे मोजत. मी आयुष्यभर ही बोंडं कानाच्या दारात नुसती अडकवत आले होते आणि ‘यांचा काही उपयोग नाही’ असं सगळ्यांना सांगत होते.

बोंडं घालून त्यावर हेडफोन चढवला. फोम वरचे सूर जास्त खातो, त्यामुळे हॅट उरलीसुरली होती तीही गेली. उरलेला दीड तास मी किक, बेस आणि टाळीवर वाजवलं, वरचं सगळं आठवणीवर सोडून. गुरुवारी रात्री हळू आवाजात ऐकलेली गाणी होती ती, हॅट कुठं येते ते पाठ होतं. हायच्या नॉबला बोट लावलं नाही. तो माणूस त्याच्या मिक्सरमागं उभा राहून कधी अंगठा वर करायचा, कधी तळहात खाली दाबून दाखवायचा. माझे वरचे कान तो होता. चांगला सेट झाला असं लोक म्हणाले. मला सांगता येणार नाही, मी तो पूर्ण ऐकलेलाच नाही.

रविवारी सुट्टी घ्यायला हवी होती. फोन हातात घेतला होता. पण ऐनवेळी रद्द केलं की तिकिटं परत करणारा आयोजक, भाडं भरलेली जागा, पोस्टरं, असं सगळं डोळ्यांपुढं येतं. शिवाय या धंद्यात नाव मोठं नसेल तर ‘ती ऐनवेळी आली नाही’ हे वाक्य तुमच्याआधी पुढच्या शहरात पोचतं. आजारी असताना, ताप असताना, एकदा तर घरात वाईट बातमी आलेली असताना मी वाजवलेलं आहे, आणि तसं वाजवलं म्हणून अभिमानही बाळगलेला आहे. आता त्या अभिमानाबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

रविवारची खोली ऐंशी माणसांची. जागेचा मालक स्वतः तबकड्यांचा वेडा, त्यामुळे टेबलावर टेक्निक्सचे दोन एसएल-१२००. हे टर्नटेबल १९७२ साली बाजारात आलं ते घरी गाणी ऐकण्यासाठी. १९७९ च्या एमके२ मध्ये सरकवायचा पिच फेडर आला, क्वार्ट्झ मोटर आली आणि डीजेंनी ते कायमचं आपलंसं केलं. २०१० मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं, २०१६ मध्ये परत सुरू केलं. मधल्या काळातही जुनी मशीनं फिरतच राहिली. या मालकानं प्रत्येक टर्नटेबलाखाली जाड फरशी आणि फरशीखाली अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू ठेवले होते. गंमत वाटेल, पण सुईला बेसचा कंप जमिनीतून पोचला की ती तोच कंप परत स्पीकरला देते, स्पीकर जमिनीला, जमीन सुईला, आणि दोन सेकंदांत खोलीभर घुमारा उठतो. चेंडू तो रस्ता तोडतात.

आवाज सुरुवातीपासून बेताचा होता. लोक टेबलाशेजारी उभे राहून ओरडल्याशिवाय बोलत होते. मालकाला मी शिट्टीबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं डेव्हिड मॅन्क्युसोचा विषय काढला. न्यूयॉर्कमध्ये १९७० पासून आपल्या राहत्या जागेत ‘लॉफ्ट’ नावानं पार्ट्या करणारा हा माणूस. पुढं पुढं त्यानं मिक्सरच काढून टाकला. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्यायचा, मग पुढचं. एवढी उत्तम साउंड सिस्टिम आणि त्यावर काहीही करामत नाही. मला हे पूर्वी थोडं भाबडं वाटायचं. त्या रात्री चार तासांत मी निम्म्या वेळा तेच केलं, कारण मिसळायला ज्या कानाची गरज होती तो हजर नव्हता. दोन गाण्यांमधल्या पाच सेकंदांच्या शांततेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेक्नोच्या सेटमध्ये मला गाणं संपल्यावर टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

सोमवारी मी घरी पोचले आणि थेट ऑडिऑलॉजिस्टकडं गेले. जाड दाराची, आतून स्पंजानं मढवलेली छोटी खोली. हेडफोन. बारीक बीप ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. मला वाटलं होतं, आपण रोज ऐकण्याचंच काम करतो, पैकीच्या पैकी मिळतील. पण वरच्या सुरांना गेलं आणि पुढचा बीप येईचना. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले. काचेपलीकडं बाई कागदावर खुणा करत होत्या, म्हणजे बीप येऊन जात होते.

आलेख बघायला दिला. रेघ सरळ येत येत ४००० हर्ट्झपाशी खाली कोसळलेली आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आलेली. डाव्या कानात ४० डेसिबलपर्यंत, उजव्यात २५. डावा माझा हेडफोनचा कान. “हा खड्डा आवाजाचाच असतो,” बाई म्हणाल्या, “कारखान्यातल्या लोकांना, बंदूक चालवणाऱ्यांना, तुमच्यासारख्यांना.” मग त्या रागावल्या. चाचणीला यायच्या आधी कान शांततेत ठेवायचे असतात, तुम्ही तीन रात्री वाजवून थेट इथं आलात. यातलं किती तात्पुरतं आणि किती कायमचं हे आज कुणीच सांगू शकत नाही. कानाच्या शंखात केसांसारख्या पेशी असतात, एका कानात १५ हजारांच्या आसपास. थकलेल्या पुन्हा उभ्या राहतात. मेलेल्या माणसाच्या कानात परत उगवत नाहीत. “तीन आठवड्यांनी या. तोवर वाजवायचं नाही.”

तीन आठवडे म्हणजे पाच तारखा. एजंटला फोन केला. तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, “माझा उजवा गेलेला आहे. दहा वर्षं झाली. बोललो नाही कधी.” इतकी वर्षं आम्ही रोज बोलतो आणि तो फोन कायम डाव्या कानाला लावतो हे मी पाहिलेलं होतं.

तीन आठवड्यांनी खड्डा ४० वरून २५ वर आला. शिट्टी बारीक झाली, पण गेली नाही. एका रात्री संगणकावर एकेक सूर वाजवून मी तिची जागा शोधली. ६००० हर्ट्झच्या थोडं खाली. हे कशासाठी केलं माहीत नाही. आपल्याकडं कायमचा राहायला आलेला पाहुणा आहे तर नाव तरी विचारावं, असं काहीतरी.

दुसऱ्या भेटीत कानाचे साचे घेतले. आधी नळीत दोरा बांधलेला स्पंजाचा तुकडा बसवतात, माल आत पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून. मग पिचकारीतून गार, जाडसर सिलिकॉन. कान भरत जातो तसा त्या बाजूचं अर्धं जग मिटत जातं. पाच मिनिटांनी साचा निघतो, आणि आपल्याच कानाचं आतलं वळण तळहातावर बघून कसंसंच होतं. त्यावरून बनवलेल्या बोंडांत छोटा फिल्टर बसतो. मी १५ डेसिबलचा घेतला. २५ चाही असतो, पण तो घालून वाजवणं म्हणजे काचेच्या मागून पोहणाऱ्यांना शिकवणं. फोमपेक्षा याचा फरक हा की सगळे सूर साधारण सारखेच कमी होतात. हॅट जिथल्या तिथं राहते, फक्त लांब उभी असल्यासारखी.

सवय व्हायला मात्र महिना गेला. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. पहिल्या दोन सेटमध्ये मी दर दहा मिनिटांनी एक बोंड काढून ‘खरा’ आवाज ऐकत होते, म्हणजे औषध घेऊन वर विष घेण्यासारखंच. रायडरमध्ये आता एक ओळ वाढली आहे : मॉनिटरचा नॉब डीजेच्या हाताशी हवा आणि मी पोचेन तेव्हा तो निम्म्यावर हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीनं १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. ती ओळही जोडते. वाचतात की नाही, तेच जाणोत.

परवाची रात्र. चार वाजता माझी वेळ संपली. पुढचा मुलगा पंचविशीचा असेल, हात कापत होते त्याचे. माझं शेवटचं गाणं अजून वाजत होतं, सहा मिनिटं उरली होती, आणि ते संपेपर्यंत पेनड्राइव्ह काढता येत नाही. मधेच ओढला तर मशीन घाबरून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. म्हणून मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्यानं हेडफोन लावला, माझ्याकडं बघून हसला आणि मॉनिटरचा नॉब टोकापर्यंत फिरवला. मी बॅगेतून पिवळ्या बोंडांचं पाकीट काढून त्याच्या मिक्सरशेजारी ठेवलं. त्यानं मान डोलावून आभार मानले आणि ते पाकीट पाण्याच्या बाटलीमागं सरकवून दिलं. चार मिनिटं उरली होती. हॅट छान वाजत होती.